खिशातली वाटपोथी

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित शब्दांकन)

दुधनी हे सोलापूर जिल्ह्यातल्या अक्कलकोट तालुक्याचं, कर्नाटकाच्या कुशीला टेकलेलं गाव. इथं एकाच दुकानात मराठीत भाव विचारला जातो आणि कानडीत उत्तर मिळतं, आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. अक्कलकोटला स्वामी समर्थांचं दर्शन घ्यायचं आणि तसंच पुढं गाणगापूरला दत्तमहाराजांच्या निर्गुण पादुकांपुढं माथा टेकायचा, असा बेत करून निघालेल्या कितीतरी गाड्या आमच्या गावावरून जातात. त्यातली एखादी चौकात थांबते, काच खाली होते आणि प्रश्न येतो, "काका, गाणगापूर याच रस्त्यानं ना?" गंमत अशी, की विचारणाऱ्याच्या समोर फोन लावलेला असतो, त्यावर नकाशा चालू असतो, एक बाई गोड आवाजात वळणं सांगत असते. तरी माणूस काच खाली करतोच.

तो काच खाली का करतो, याचं उत्तर मला एका संध्याकाळी मिळालं. माझ्या भाच्याचं कुटुंब पुण्याहून आलं होतं. बरोबर त्याचे सासरे होते. वय सत्तरीच्या पुढं, मधुमेहाचं इंजेक्शन घेणारे, म्हणजे जेवणाची वेळ चुकवून चालत नाही. दुपारचा चहा घेऊन मंडळी आमच्याकडून गाणगापूरला निघाली. दिवेलागणीनंतर भाच्याचा फोन आला, "मामा, इथं देऊळच नाहीये. रेल्वे स्टेशन आहे!" त्यानं फोनवर नाव टाकताना जे पहिलं दिसलं ते निवडलं होतं, आणि ते होतं 'गाणगापूर रोड'. ते स्टेशन. देवळाचं गाव तिथून कित्येक किलोमीटर लांब. सासऱ्यांना घाम फुटला होता, गाडीत खायला काही उरलं नव्हतं, आणि पुढच्या रस्त्याची कुणाला माहिती नव्हती. तिथल्या एका चहावाल्यानं साखरेचा चहा आणि बिस्किटं दिली, रस्ता नीट समजावला, आणि सगळं निभावलं. दोष फोनचा नव्हता. विचारलं तिथं त्यानं बिनचूक नेऊन सोडलं होतं. चूक एवढीच, की काय विचारायचं ते आम्हीच ठरवलं नव्हतं.

त्या दिवाळीच्या सुटीत भाचा पुन्हा आला तेव्हा आम्ही दोघं बसलो आणि या वाटेची आमची स्वतःची मार्गदर्शिका तयार केली. कागदावर नव्हे, फोनमध्ये राहील अशी. घरात तिला 'वाटपोथी' असं नाव पडलं. ती कशी केली, तुम्हाला तुमच्या वाटेसाठी कशी करता येईल, हे आज सांगायचं आहे. त्यासाठी संगणकाचं शिक्षण लागत नाही आणि फारसा खर्चही येत नाही. सवड आणि थोडी चिकाटी मात्र लागते.

ही कल्पना नवी नाही

वाटेची पोथी लिहिणं आपल्या भाषेला नवीन नाही. महानुभाव पंथाची 'स्थानपोथी' प्रसिद्ध आहे. श्रीचक्रधरस्वामी ज्या ज्या गावी राहिले, तिथली देवळं, मठ, बसण्याच्या जागा, एका ठिकाणापासून दुसरं ठिकाण कुठल्या दिशेला, देवळाचं दार कुठल्या तोंडाला, अशी बारीकसारीक नोंद तिच्यात केलेली आहे. मागून येणाऱ्या भाविकाला नेमकी तीच जागा सापडावी हा तिचा हेतू. पुढं इंग्रजी अमदानीत जिल्ह्याजिल्ह्याचे गॅझेटिअर निघाले. सोलापूरचा खंड १८८४ सालचा. त्याच सुमारास आगगाडीनं प्रवासाचं गणितच बदललं होतं. सोलापूरला रेल्वे १८६० मध्ये आली, आणि १८७१ मध्ये हाच मार्ग पुढं रायचूरला जाऊन मद्रासकडून आलेल्या मार्गाला मिळाला. दुधनीचं स्टेशन त्याच मार्गावरचं. त्या काळी रेल्वेच्या प्रवाशांसाठी छापील मार्गदर्शिका निघत. म्हणजे साधन बदलत गेलं, गरज तीच राहिली.

आता फोनवर नकाशा असताना पुन्हा पोथी कशाला, असं कुणी विचारील. फोनमधला नकाशा 'कसं जायचं' हे सांगतो. 'कशासाठी जायचं', 'कधी जायचं' आणि 'गेल्यावर काय पाहायचं' हे आपलं आपल्यालाच ठरवावं लागतं. शिवाय तो नकाशा सगळ्या जगासाठी केलेला आहे. तुमच्या गाडीत मधुमेही सासरे आहेत, सहा वर्षांची नात आहे, गुडघे दुखणारी आजी आहे, हे त्याला ठाऊक नाही. ते तुम्हाला ठाऊक आहे. वाटपोथी म्हणजे हे दोन्ही एकत्र आणणं.

आधी माणसं, मग ठिकाणं

पहिलं काम वहीतच करावं. गाडीत कोण कोण आहे ते लिहावं आणि प्रत्येकापुढं त्याची अडचण लिहावी. कुणाला दर दोन तासांनी उतरावं लागतं, कुणाला पायऱ्या चढवत नाहीत, कुणाची गोळी किती वाजता. ही यादी झाली की दिवसाला किती अंतर कापायचं ते आपोआप ठरतं. आम्ही तीन दिवसांचा फेरा ठरवला. सोलापूर, अक्कलकोट, दुधनी, गाणगापूर, कलबुर्गी. आणि परतताना आळंद, उमरगा, नळदुर्ग करून पुन्हा सोलापूर. नकाशावर पाहिलं तर हे दीड दिवसाचं काम वाटतं. यादी समोर ठेवली तेव्हा तीन दिवसही भरगच्च झाले.

मग ठिकाणांची पानं करावीत. एका ठिकाणाला एक पान, आणि प्रत्येक पानावर त्याच क्रमानं त्याच गोष्टी: नाव, नेमकी जागा, काय पाहायचं, कधी जाऊ नये, गाडी कुठं लावायची, स्वच्छतागृह आणि खाण्याची सोय, आणि ही माहिती कुणाला विचारून कोणत्या तारखेला पक्की केली. शेवटची ओळ सगळ्यात महत्त्वाची. तारीख नसलेली माहिती म्हणजे तारीख नसलेल्या औषधाच्या बाटलीसारखी. चांगली असेलही, पण भरवसा कसा धरणार?

एका गावाची तीन नावं

आमच्यासारख्या सीमेवरच्या भागात नावांचा घोळ फार. गुलबर्ग्याचं अधिकृत नाव नोव्हेंबर २०१४ पासून कलबुर्गी झालं. पण जुन्या माणसांच्या तोंडी गुलबर्गाच आहे, आणि जुन्या पुस्तकांतही. नळदुर्ग ज्या जिल्ह्यात येतं त्याचं नाव उस्मानाबाद होतं, आता धाराशिव आहे. 'अक्कलकोट रोड' हे स्टेशन आणि अक्कलकोट शहर ही दोन वेगळी ठिकाणं, जसं 'गाणगापूर रोड' आणि गाणगापूर. त्यात भर म्हणजे गंगापूर नावाचं तालुक्याचं गाव छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात आहे, आणि गंगापूर धरण नाशिकला. घाईघाईत एक अक्षर चुकलं, की फोन आपल्याला गोदावरीच्या काठी न्यायला तयार!

म्हणून पानावर ठिकाणाची सगळी नावं लिहावीत: जुनं, नवं, लोकांच्या तोंडचं. तालुका आणि जिल्हाही लिहावा. गाणगापूर म्हणजे अफझलपूर तालुका, कलबुर्गी जिल्हा, भीमा आणि अमरजा यांच्या संगमाजवळचं. एवढं लिहिलं की चूक होत नाही. सीमेपलीकडच्या गावाचं नाव कानडी लिपीतही घालून ठेवावं. रस्त्यावरची पाटी त्याच लिपीत असते, आणि अक्षर वाचता आलं नाही तरी आकार जुळवून पाहता येतो. एखाद्या कानडी शेजाऱ्याला फोनवर टाइप करून द्यायला सांगावं, दोन मिनिटांचं काम आहे.

आकड्यांचा पत्ता

नावापेक्षाही पक्का पत्ता म्हणजे अक्षांश-रेखांश. शाळेत भूगोलात हे शब्द आपण पाठ केले आणि विसरलो. प्रवासात त्यांचा खरा उपयोग कळतो. अक्षांश म्हणजे विषुववृत्तापासून उत्तरेला किंवा दक्षिणेला किती, आणि रेखांश म्हणजे ग्रिनिचच्या रेषेपासून पूर्वेला किंवा पश्चिमेला किती. दुधनी उत्तर अक्षांश सतरा अंशांच्या थोडं वर आणि पूर्व रेखांश शहात्तर अंशांच्या थोडं पुढं आहे. एका अक्षांशाचं अंतर जमिनीवर सुमारे १११ किलोमीटर भरतं. म्हणजे दशांश चिन्हापुढचा पहिला आकडा साधारण ११ किलोमीटरचा, दुसरा एक किलोमीटरच्या थोडा वरचा, तिसरा शंभरेक मीटरचा, चौथा अकरा मीटरचा आणि पाचवा जेमतेम एक मीटरचा. देवळाचं दार दाखवायला पाच आकडे पुष्कळ झाले. फोनवर नकाशा उघडून त्या जागेवर बोट दाबून धरलं की हे आकडे दिसतात. ते तसेच पानावर उतरवून घ्यावेत.

क्रम मात्र सांभाळावा. आधी अक्षांश, मग रेखांश. उलट लिहिलं तर दुधनी उत्तर ध्रुवाकडच्या स्वालबार्ड बेटांच्या आसपास, बर्फाळ समुद्राच्या बाजूला जाऊन पडते. हसू येतं, पण ही चूक फार जणांकडून होते.

हे आकडे मिळवण्यासाठी आपल्या देशात किती माणसांनी आयुष्यं घातली हेही या निमित्तानं आठवावं. १८०२ मध्ये मद्रासजवळून भारताची त्रिकोणमितीय मोजणी सुरू करणारा विल्यम लॅम्बटन साखळ्या आणि जड दुर्बिणी घेऊन वर्षानुवर्षं चालत राहिला आणि १८२३ मध्ये आपल्या वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटला त्याचा अंत झाला. आज तेच काम आपल्या खिशातलं यंत्र क्षणात करतं.

रेंज नसली तरी जीपीएस असतं

आता एक गैरसमज दूर करू. पुष्कळांना वाटतं, की फोनची रेंज गेली की जीपीएस गेलं. तसं नाही. सुमारे वीस हजार किलोमीटर उंचीवरून फिरणारे उपग्रह सतत आपली जागा आणि अचूक वेळ सांगत असतात. आपला फोन ते फक्त ऐकतो, उलट काही पाठवत नाही. रेडिओ जसा आकाशवाणी ऐकतो, अगदी तसंच. कुठल्या उपग्रहाचा संदेश किती उशिरानं पोचला यावरून तो उपग्रह किती लांब आहे हे कळतं, आणि निदान चार उपग्रह ऐकू आले की आपली जागा निश्चित होते. वेळेत सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाची चूक झाली तर जागा ३०० मीटरनी चुकते, म्हणून उपग्रहांवर अणुघड्याळं असतात. मे २००० पर्यंत अमेरिका सामान्यांसाठी या संदेशात मुद्दाम चूक मिसळत असे. ती बंद झाली आणि ही सोय खऱ्या अर्थानं सगळ्यांची झाली. आता भारताचीही 'नाविक' नावाची स्वतःची उपग्रह व्यवस्था आहे.

मग रेंज गेल्यावर अडतं कुठं? अडतं नकाशापाशी. आपण कुठं आहोत हे फोनला कळतं, पण दाखवायला खालचं चित्र नसतं. ते चित्र इंटरनेटवरून येत असतं. म्हणून घरी असतानाच आपल्या वाटेचा नकाशा फोनमध्ये उतरवून घ्यावा. गूगलच्या नकाशात तशी सोय आहे, मात्र उतरवलेला भाग अधूनमधून ताजा करावा लागतो. 'ऑर्गॅनिक मॅप्स' हे ॲप तर इंटरनेटशिवाय चालण्यासाठीच केलेलं आहे आणि मोफत आहे. त्यातला नकाशा 'ओपन स्ट्रीट मॅप'चा. हा उपक्रम २००४ मध्ये ब्रिटनमध्ये सुरू झाला आणि जगभरच्या हौशी लोकांनी तो वाढवला.

तयारी झाली की परीक्षा घ्यावी. फोन विमानाच्या खुणेवर टाकावा, म्हणजे नेटवर्क पूर्ण बंद. मग अंगणात जाऊन नकाशा उघडावा. आपला ठिपका दिसला, रस्ते दिसले, तर आपण तयार. रेंज नसताना पहिल्यांदा जागा सापडायला थोडा वेळ लागतो. घाबरू नये, उघड्या आकाशाखाली एक-दोन मिनिटं थांबावं.

ठिपके एका फाइलीत

आता सगळी ठिकाणं एका नकाशावर मांडायची. संगणकावर गूगलच्या 'माय मॅप्स'मध्ये हे सोपं जातं. प्रत्येक ठिकाणी ठिपका ठेवावा, त्याला नाव द्यावं, खाली दोन ओळी लिहाव्यात. दर्शनाची ठिकाणं एका रंगात, जेवणाची दुसऱ्या, पेट्रोल आणि दवाखाने तिसऱ्या. झालं की ती फाइल उतरवून घ्यावी. तिला 'केएमएल' म्हणतात. जीपीएसच्या यंत्रांसाठी 'जीपीएक्स' नावाची आणखी एक पद्धत आहे. दोन्ही साध्या मजकुराच्या फाइली आहेत. नाव, आकडे आणि टीप, एवढंच त्यात असतं. म्हणून त्या लहान असतात आणि निरनिराळ्या ॲपमध्ये उघडतात. ही फाइल गाडीतल्या निदान दोघांच्या फोनमध्ये असावी. एकाच फोनवर सगळी भिस्त ठेवू नये, कारण फोन पडतो, भिजतो, आणि चार्जर तर घरी विसरण्यासाठीच असतो.

ठिकाणांची पानं वेगळ्या कागदपत्रात लिहून त्याची पीडीएफ करावी. मराठी टाइप करताना युनिकोडच वापरावं. छपाईसाठी पूर्वी जे निरनिराळे फॉन्ट वापरत, त्यांतला मजकूर दुसऱ्या फोनवर गेला की त्याची चित्रविचित्र चिन्हं होतात, आणि शोधून काहीच सापडत नाही. युनिकोडमध्ये १९९१ च्या पहिल्या आवृत्तीपासून देवनागरी आहे, आणि आज प्रत्येक फोन ती वाचतो. 'दवाखाना' असं शोधलं की सगळ्या पानांवरचे दवाखाने समोर यायला हवेत. खरी सोय ती.

पानावर काय लिहावं

आमच्या पोथीतली दोन-तीन पानं सांगतो. अक्कलकोट: स्वामी समर्थांचं इथं वीस वर्षांहून अधिक काळ वास्तव्य होतं, १८७८ मध्ये त्यांनी समाधी घेतली. वटवृक्ष मंदिर, समाधी मठ, अन्नछत्र. 'कधी जाऊ नये' या ओळीत गुरुपौर्णिमा, दत्तजयंती, चैत्रातली प्रकटदिन आणि पुण्यतिथी. अर्थात, गर्दीतच देव भेटतो असं ज्यांना वाटतं त्यांनी याच दिवशी जावं. पण गुडघे दुखणाऱ्या आजींना नेऊ नये.

दुधनी: बाजार समितीचं गाव, रेल्वे स्टेशन, दोन भाषा. इथं थांबून पाणी भरून घ्यावं आणि पुढचा रस्ता विचारून घ्यावा, कारण इथवर मराठीत निभावतं. हे पान लिहिताना मला जरा वाईट वाटलं. इतक्या लोकांच्या वाटेवरचं आमचं गाव त्यांच्या लेखी फक्त एक वळण आहे. म्हणून मी त्यात एक ओळ वाढवली: घाई नसेल तर हंगामात सकाळी बाजारात एक चक्कर मारावी. धान्याच्या राशी आणि दोन भाषांतला सौदा पाहायला मिळेल.

कलबुर्गी: १३४७ मध्ये स्थापन झालेल्या बहामनी राज्याची पहिली राजधानी. किल्ल्यातली जामा मशीद १३६७ सालची. मशिदीला एरवी मोकळं अंगण असतं. इथं सगळा भाग घुमटांखाली झाकलेला आहे, तो मुद्दाम पाहावा. ख्वाजा बंदेनवाज यांचा दर्गा, शरणबसवेश्वरांचं मंदिर, आणि अलीकडचं बुद्धविहार. एका शहरात चार वाटा एकत्र येतात. प्रत्येक ठिकाणी डोकं झाकायचं की नाही, फोटो काढू देतात की नाही, हे आधी विचारून पानावर लिहावं.

नळदुर्ग: बोरी नदीच्या पाण्याला किल्ल्यातच बांध घालून त्याच्या पोटात केलेला पाणीमहाल. नर आणि मादी नावाचे धबधबे. इथं महिना लिहायला विसरू नये. पाऊस चांगला झाल्यावर जो देखावा दिसतो, तो एप्रिलमध्ये दिसणार नाही. छायाचित्र पाहून लोक उन्हाळ्यात जातात आणि कोरड्या भिंती पाहून चडफडत परततात.

पाणी आणि पूल

हीच बोरी पुढं आमच्या अक्कलकोट तालुक्यात येते आणि भीमेला मिळते. ऑक्टोबर २०२० च्या अतिवृष्टीत तिला असा पूर आला, की तालुक्यातल्या गावांत पाणी शिरलं. वरच्या अंगाला धबधबा जोरात असेल तर खालच्या अंगाला पूल जपून ओलांडावा, ही साधी गोष्ट कुठलाच फोन आपण होऊन सांगत नाही. पोथीत ती लिहून ठेवता येते.

हा विषय चेष्टेवारी नेण्याचा नाही. जानेवारी २०२१ मध्ये नगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात, कळसूबाईकडे निघालेली एक मोटार रात्रीच्या वेळी फोनवरच्या नकाशाप्रमाणे जाताना धरणाच्या पाण्याखाली गेलेल्या पुलावर उतरली आणि चालकाचा जीव गेला. तो पूल पाण्याखाली असतो हे तिथल्या लोकांना ठाऊक होतं, नकाशाला नव्हतं. नोव्हेंबर २०२४ मध्ये उत्तर प्रदेशात बरेलीजवळ रामगंगेवरच्या तुटक्या पुलावरून मोटार खाली कोसळली आणि तिघे गेले. तिथंही बरोबर नकाशा होताच. नकाशा म्हणजे काल कुणीतरी पाहिलेला रस्ता. आज तो तसाच आहे की नाही, हे आजच विचारावं लागतं.

म्हणून आमच्या पोथीत एक पान 'विचारल्याशिवाय जाऊ नये' या नावाचं आहे. त्यात नदीवरचे पूल, कच्चे रस्ते आणि अंधारानंतर टाळायचे टप्पे आहेत. नियम एकच: पावसाळ्यात आणि रात्री, फोन काहीही सांगो, अनोळखी पाण्यात गाडी घालायची नाही. त्याच पानावर संकटकाळचे क्रमांक आहेत. तातडीच्या मदतीसाठी देशभर ११२, राष्ट्रीय महामार्गावर अडचण आली तर १०३३, आणि रुग्णवाहिकेसाठी १०८. हा शेवटचा क्रमांक महाराष्ट्रात आणि कर्नाटकात दोन्हीकडे चालतो. फोन लावल्यावर 'तुम्ही कुठं आहात' हा पहिला प्रश्न येतो. तेव्हा अक्षांश-रेखांशाचे आकडे वाचून दाखवता आले तर मदत लवकर पोचते.

आवाजही ठेवावा

फोनमधल्या पोथीचा छापील पुस्तकापेक्षा एक मोठा फायदा म्हणजे तिच्यात आवाज राहतो. आम्ही शेजारच्या आजींना बसवून गाणगापूरच्या जुन्या वारीची आठवण सांगायला लावली. पूर्वी कसे जायचे, संगमावर स्नान, दुपारची माधुकरी. पाच-सहा मिनिटांचंच ध्वनिमुद्रण, पण गाडीत लावलं तेव्हा मागच्या सीटवरची नातसुद्धा फोनवरचा खेळ सोडून ऐकत बसली.

दुसरं ध्वनिमुद्रण कानडी वाक्यांचं. 'गाणगापुरक्के दारि यावुदु?' म्हणजे गाणगापूरचा रस्ता कुठला. 'एष्टु दूर?' म्हणजे किती लांब. उत्तर कळायलाही हवं, नाहीतर विचारून काय उपयोग? 'एडक्के' म्हणजे डावीकडे, 'बलक्के' म्हणजे उजवीकडे. 'नीरु' म्हणजे पाणी, 'ऊटा' म्हणजे जेवण, 'आस्पत्रे' म्हणजे दवाखाना. एवढे शब्द कानावरून गेले असले की परका मुलूख निम्मा आपला होतो. मोडकंतोडकं का होईना, पण त्यांच्या भाषेत विचारलं की माणूस नुसता रस्ता सांगत नाही, दोन पावलं बरोबर येऊन वळण दाखवतो.

थोडी पथ्यं

दुसऱ्याचं छायाचित्र किंवा लेख उचलून आपल्या पोथीत घालू नये. घरापुरतं ठेवलं तर निराळं, पण वाटायची असेल तर आपलंच असावं. कुणाचा खासगी फोन नंबर, घरचा पत्ता परवानगीशिवाय लिहू नये. छायाचित्रांच्या फाइलीत जागा आणि वेळ दडलेली असते, ती दुसऱ्याला पाठवताना ध्यानात ठेवावी. छायाचित्रं लहान करून घ्यावीत, नाहीतर पोथी इतकी जड होते की उघडतच नाही. आणि एक कागद छापून गाडीच्या कप्प्यात ठेवावाच: ठिकाणांची यादी, आकडे, औषधांच्या वेळा, संकटाचे क्रमांक. सगळे फोन एकदम बंद पडले तरी कागद बंद पडत नाही.

परत आल्यावर काम संपत नाही, तेव्हाच खरं काम असतं. कुठला ठिपका चुकला, कुठलं हॉटेल बंद झालं, कुठं नवं स्वच्छतागृह दिसलं, हे त्याच आठवड्यात दुरुस्त करून तारीख बदलावी. 'ओपन स्ट्रीट मॅप'वर पिण्याच्या पाण्याचा नळ किंवा दवाखाना आपण स्वतः नोंदवू शकतो. आपल्या गावातल्या अशा पाच जागा आपण नोंदवल्या तर पुढच्या अनोळखी गाडीचं काम होतं. शाळेतल्या मुलांना हे काम द्यावं, असं माझ्या मनात फार आहे. भूगोल, भाषा आणि माणुसकी, तिन्ही विषयांचा गृहपाठ एकदम होईल.

पुढच्या वर्षी भाचा पुन्हा आला, सासरे बरोबर होतेच. या वेळी पोथी दोन फोनवर होती आणि कागद कप्प्यात. ठरल्या वेळी जेवण झालं, गोळ्या-इंजेक्शनं झाली, आणि दिवस मावळायच्या आत मंडळी देवळात पोचली. संध्याकाळी फोन आला, पण या वेळी भाच्याचा नव्हे, सासऱ्यांचा. म्हणाले, "तुमच्या पोथीत एक पान राहिलंय बरं का. परत येताना त्या स्टेशनवरच्या चहावाल्याकडं थांबायचंय. त्याचा ठिपका टाका."

आम्ही त्याच रात्री टाकला. नाव लिहिलं नाही, त्याला विचारलेलं नव्हतं. नुसतं लिहिलं, 'चहा. माणूस चांगला आहे.' आणि खाली तारीख.